साक्षीचा बाजार

मनुष्याच्या योग्यतेचा निवाडा त्याच्या स्वतःच्या बोलण्यावरून होत नाहीं, दुसऱ्याच्या बोलण्यावरून होतो, हें तत्त्व व्यवहारांत सर्वमान्य आहे. दुकानदार आपल्या मालाची तारीफ करूं लागला म्हणजे आपण तिकडे फारसें लक्ष देत नाहीं. पण ज्याला त्या मालाच्या खपापासून एका पैचाही लाभ नाहीं असा एखादा शेजारी बोलतां बोलतां तेंच सांगून गेला, तर तें आपण मनांत ठेवतों. त्याच्या शब्दाला जें मोल येतें, तें त्याच्या निरपेक्षतेचें मोल होय. आतां अशी कल्पना करावी कीं, एखाद्या गांवांत कायदा झाला: ज्याच्याविषयीं पुष्कळ लोक बोलतील त्याचें दुकान पेठेच्या तोंडाशीं, आणि ज्याच्याविषयीं कोणी बोलणार नाहीं त्याचें गांवकुसाबाहेर. त्या गांवांतील बोलण्याचें पुढें काय होईल? हा प्रश्न केवळ कल्पनेंतला नाहीं. गेल्या पंचवीस-तीस वर्षांत असा कायदा खरोखरच अमलांत आला, जवळजवळ साऱ्या जगाला लागू झाला, आणि त्याचे परिणामही सर्वांसमक्ष घडले. इंटरनेटवरील शोधयंत्रांच्या यादींत वरचें स्थान मिळावें म्हणून संकेतस्थळांनीं जे दुवे जमविले, त्यांचा हा इतिहास आहे.

दुवा म्हणजे काय, हें प्रथम थोडक्यांत सांगितलें पाहिजे. संकेतस्थळाच्या पानावरील विशिष्ट शब्दावर बोट टेकतांच वाचक दुसऱ्या कोणाच्या पानावर जाऊन पोंचतो. ह्या वाटेलाच दुवा म्हणतात. ग्रंथकार तळटीपेंत दुसऱ्या ग्रंथाचा निर्देश करतो, त्यांतलाच हा प्रकार. फरक एवढाच कीं, तळटीप वाचून ग्रंथालयांत जावें लागे, आणि येथें ग्रंथच वाचकापुढें उघडतो. म्हणून दुव्यांचा इतिहास तळटीपांच्या इतिहासापासून सुरू करणें प्राप्त आहे.

अमेरिकेंतील न्यायालयांत पूर्वींच्या निकालांना मोठें वजन असतें. तेथें वकिलाला नुसता निकाल ठाऊक असून भागत नाहीं. पुढील न्यायाधीशांनीं त्याचा आधार घेतला कीं तो फिरविला, हेंही पाहावें लागतें. ही अडचण ओळखून फ्रँक शेपर्ड ह्या गृहस्थानें १८७३ सालीं इलिनॉयमध्यें एक नवा उद्योग काढला. कोणत्या निकालाचा उल्लेख पुढें कोठें कोठें झाला, हें त्यानें डिंक लावलेल्या चिठ्ठ्यांवर छापलें, आणि वकील त्या चिठ्ठ्या आपल्या ग्रंथांच्या समासांत चिकटवूं लागले. पुढें १९२७ सालीं कॅलिफोर्नियांतील पोमोना कॉलेजांतून ग्रॉस आडनांवाच्या दोघां लेखकांनीं एक साधा प्रश्न उपस्थित केला. लहान कॉलेजाच्या ग्रंथालयाजवळ पैसा थोडा. तेव्हां रसायनशास्त्राचीं कोणतीं नियतकालिकें घ्यावीं? उत्तरासाठीं त्यांनीं अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकाचा १९२६ चा खंड उघडला, त्यांतील तळटीपांत कोणत्या नियतकालिकाचें नांव किती वेळां आलें हें मोजलें, आणि त्या मोजणीवरून खरेदीची यादी ठरविली. १९५५ सालीं यूजीन गारफील्ड यानें शेपर्डची युक्ति साऱ्या विज्ञानाला लावण्याची योजना ‘सायन्स’ ह्या नियतकालिकांत मांडली, आणि १९६४ पासून फिलाडेल्फियांतील त्याच्या संस्थेची ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ ही सूचि विद्वानांच्या हातीं येऊं लागली. १९७६ सालीं पिन्स्की व नॅरिन ह्या दोघांनीं आणखी एक पाऊल पुढें टाकलें. सोन्याची परीक्षा शंभर शेजाऱ्यांनीं करण्यापेक्षां एका सराफानें केलेली बरी. त्याचप्रमाणें ज्या नियतकालिकाला स्वतःला मान आहे त्यानें केलेला उल्लेख अधिक वजनाचा धरावा, असें त्यांनीं गणिताच्या भाषेंत मांडलें.

ह्या साऱ्या मोजणीच्या मुळाशीं एक गोष्ट होती, आणि ती त्या काळीं कोणाला बोलून दाखविण्याची गरज वाटली नाहीं. ज्या रसायनशास्त्रज्ञानें १९२६ सालीं तळटीप लिहिली, त्याला ती पुढें कोणी मोजणार आहे ह्याची वार्ताही नव्हती. आपल्या उपयोगी पडलेल्या ग्रंथाचें ऋण त्यानें मान्य केलें, एवढेंच. त्याची साक्ष विश्वसनीय होती, कारण आपण साक्ष देत आहोंत हेंच त्याला ठाऊक नव्हतें.

आतां इंटरनेटकडे वळूं. आरंभींच्या काळीं नव्या संकेतस्थळांची संख्या माणसांच्या आटोक्यांतली होती. १९९४ सालीं स्टॅनफर्ड विद्यापीठांतील दोन विद्यार्थ्यांनीं सुरू केलेली याहूची सूचि ग्रंथपालाच्या पद्धतीनें, माणसांनीं विषयवार लावलेली असे. परंतु पानें लक्षांनीं वाढूं लागलीं तेव्हां हें काम यंत्रांकडे गेलें. १९९५ च्या डिसेंबरांत निघालेलें आल्टाव्हिस्टा हें त्यांतील प्रमुख. ह्या यंत्रांची मदार मुख्यतः पानावरील शब्दांवर असे. म्हणजे दुकानदार स्वतःविषयीं काय बोलतो हेंच तीं ऐकत. मग दुकानदारांनीं तेंच तें बोलण्याचा सपाटा लावला. ज्या शब्दासाठीं पुढें यावयाचें तो शब्द पानाच्या तळाशीं शेकडों वेळां लिहावा, आणि वाचकाला दिसूं नये म्हणून पांढऱ्या पानावर पांढऱ्याच अक्षरांत लिहावा, अशा युक्त्या रूढ झाल्या. यंत्रांची ह्यांत किती त्रेधा उडाली होती, ह्याचें एक उदाहरण लॅरी पेज व सर्गेई ब्रिन यांनीं नोंदवून ठेविलें आहे. १९९७ च्या नोव्हेंबरांत चार अग्रगण्य व्यापारी शोधयंत्रांना त्यांचेंच नांव विचारलें असतां, पहिल्या दहा उत्तरांत स्वतःला शोधून काढणारें यंत्र त्यांत एकच निघालें!

पेज व ब्रिन हे दोघेही स्टॅनफर्डचेच विद्यार्थी. पेज यानें १९९६ पासून दुवे गोळा करण्यास आरंभ केला होता. एखादें पान कोणाकडे बोट दाखवितें हें त्या पानावरच दिसतें. पण त्या पानाकडे कोण कोण बोट दाखवितात हें जाणण्यासाठीं सारें जाळें धुंडाळावें लागतें. तें धुंडाळून त्यांनीं जी रीत बसविली तिला पेजरँक हें नांव मिळालें. पानाला मिळालेल्या साक्षी मोजाव्या. प्रत्येक साक्षीचें वजन साक्षीदाराच्या प्रतिष्ठेवरून ठरवावें. आणि साक्षीदारानें अनेकांची भलावण केली असल्यास तें वजन त्यांच्यांत वांटून द्यावें. प्रतिष्ठा साक्षीवर अवलंबून आणि साक्ष प्रतिष्ठेवर, असें हें चक्र वरवर पाहतां न सुटणारें वाटतें. परंतु आरंभीं सर्वांना सारखीच प्रतिष्ठा देऊन हिशेब पुनः पुनः केला, तर कांहीं फेऱ्यांनंतर आंकडे स्थिर होतात. ह्याचें एक चित्रही त्यांनीं दिलें आहे. एक वाटसरू दुव्यांमागून दुवे धरीत या जाळ्यांत भटकत आहे. १०० पैकीं सुमारें ८५ वेळां तो समोरचा दुवा धरतो, आणि उरलेल्या वेळां कंटाळून भलत्याच पानावर उडी घेतो. तो जेथें वारंवार सांपडेल तें पान थोर. १९९८ सालीं ब्रिस्बेन येथील परिषदेंत ह्या यंत्राचें वर्णन प्रसिद्ध झालें, तेव्हां त्याच्या पोटांत २ कोटी ४० लक्ष पानें होतीं. त्याच वर्षीं गूगल ही कंपनी निघाली. ही दिशा एकट्या स्टॅनफर्डलाच सुचली होती असें मात्र नाहीं. पुढें चीनमध्यें बायडू काढणारा रॉबिन ली आणि गणिती जॉन क्लाइनबर्ग यांनींही त्याच सुमारास दुव्यांवरून योग्यता ठरविण्याच्या आपापल्या रीती बसविल्या होत्या.

पेजरँकवरील मूळ निबंधांत, ज्याच्या लेखकांत राजीव मोटवानी हे भारतीय विद्वानही होते, व्यापारी लबाडीचा विचार केलेला आढळतो. त्याचें तात्पर्य असें: पानाला वर यावयाचें तर एखाद्या मोठ्या पानाचें किंवा पुष्कळ लहान पानांचें मन वळवावें लागेल, फार तर कोणी मोठ्या स्थळांवरील दुवे जाहिरातीप्रमाणें विकत घेईल, पण त्याला पैसा पडतो, म्हणून तें आटोक्यांत राहील. पुढील सारा इतिहास ह्या एका वाक्याचें खंडन आहे. एखाद्या गोष्टीला पैसा पडतो कीं नाहीं, हा विद्यापीठांतला प्रश्न. पडलेला पैसा व्याजासह परत येतो कीं नाहीं, हा पेठेंतला. ज्या दिवशीं यादींतील पहिल्या स्थानानें गिऱ्हाइकांची रीघ लागूं लागली, त्या दिवशीं पेठेला आपलें उत्तर मिळालें.

२००० च्या अखेरीस गूगलनें एक लहानसें साधन लोकांना दिलें, त्यांत कोणत्याही पानाची प्रतिष्ठा ० ते १० ह्या आंकड्यांत दिसूं लागली. साक्षीला दर लावण्यास व्यापाऱ्यांना हाच तराजू हवा होता. ८ आंकड्याच्या पानावरील दुवा ४ च्या दुव्यापेक्षां किती तरी महाग पडे. ज्यांना विकत घेणें परवडेना त्यांनीं अदलाबदल आरंभिली; उंटाच्या लग्नांत गाढवांनीं गावें आणि दोघांनीं परस्परांचें रूप व स्वर वाखाणावे, हा सुभाषितांतला प्रसंग हजारों संकेतस्थळांवर नित्य घडूं लागला. कित्येकांनीं दुव्यांचे मळेच लावले. म्हणजे वाचकांसाठीं नव्हे, तर केवळ एकमेकांकडे बोट दाखविण्यासाठीं शेंकडों पानें उभीं केलीं.

ह्या व्यापारावरून पहिला लक्षांत राहण्याजोगा खटला ओक्लाहोमांत झाला. सर्चकिंग नांवाच्या कंपनीनें २००२ च्या ऑगस्टांत मोठ्या आंकड्याच्या पानांवरील जागा विकून देण्याची दलाली सुरू केली. थोड्याच दिवसांत तिचा स्वतःचा आंकडा ८ वरून ४ वर घसरला. गूगलनें हें हेतुपुरस्सर केलें अशी फिर्याद तिनें गुदरली. २००३ च्या मे महिन्यांत न्यायालयानें ती काढून टाकली. कारण असें दिलें कीं, पानाची प्रतिष्ठा ठरविणारा आंकडा हें गूगलचें मत आहे, आणि मत बाळगण्याचें व प्रकट करण्याचें स्वातंत्र्य अमेरिकेच्या राज्यघटनेनें दिलेलें आहे. हा निकाल कायद्याच्या दृष्टीनें ठीक असेल. पण त्याचा अर्थ ध्यानांत घेण्याजोगा आहे. जें मोजमाप लोक वस्तुस्थिति म्हणून वाचीत होते, तें न्यायासनासमोर एका व्यापाऱ्याचें मत ठरलें.

पैशाशिवायही साक्ष वांकवितां येते, हें त्याच वर्षाच्या अखेरीस दिसलें. अनेक लोकांनीं संगनमत करून ‘दारुण अपयश’ अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांवर राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांच्या चरित्राच्या पानाचा दुवा दिला, आणि ते शब्द विचारतांच तें सरकारी पान सर्वांत वर येऊं लागलें. ही थट्टा २००७ पर्यंत चालली. मधल्या काळांत, २००५ च्या जानेवारींत, गूगल व इतर शोधयंत्रांनीं मिळून एक खूण काढली: ज्या दुव्यावर ही खूण असेल, त्याला साक्ष समजूं नये. भलत्या लोकांनीं दुसऱ्याच्या पानावर येऊन चिकटविलेल्या दुव्यांचें मोल त्यामुळें नाहींसें होणार होतें. परंतु ह्या उपायाची एक झळ भल्यांनाही लागली. २००७ सालीं इंग्रजी विकिपीडियानें बाहेर जाणाऱ्या आपल्या सर्व दुव्यांवर ही खूण केली. जगांतील सर्वांत अधिक वाचला जाणारा ज्ञानकोश, त्याच्या तळटीपा. आणि त्यांवर शिक्का असा कीं, ही साक्ष धरूं नये!

बाजार किती वरच्या थरापर्यंत पोंचला होता हें २०११ सालीं उघड झालें. जे. सी. पेनी हें अमेरिकेंतील जुनें व नांवाजलेलें भांडार. नाताळच्या खरेदीच्या दिवसांत कपडे, बिछान्याचें सामान, गालिचे, ह्यांपैकीं कांहींही विचारलें तरी गूगलच्या यादींत तेंच पहिलें येई. सॅम्सनाइटची बॅग त्या कंपनीच्या नांवानिशीं विचारली तरी खुद्द कंपनी खालीं आणि पेनी वर. ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें तज्ज्ञाकडून शोध करविला, तेव्हां २,०१५ पानें अशीं सांपडलीं कीं, ज्यांवर कपडेलत्त्यांच्या नांवांचे दुवे पेनीकडे नेत होते आणि ज्यांपैकीं पुष्कळांचा कपड्यांशीं कसलाही संबंध नव्हता. अणुविद्येविषयीं लिहिलेल्या स्थळावरही संध्याकाळच्या मेजवानीस शोभणाऱ्या पोशाखाची शिफारस होती. वृत्तपत्रानें ही हकीकत गूगलच्या कानांवर घातली. ९ फेब्रुवारीच्या संध्याकाळीं ७ वाजतां त्या बॅगेसाठीं पेनी पहिल्या स्थानावर होतें. दोन तासांनीं ७१ व्या. वृत्तपत्रानें पाहिलेल्या ५९ शब्दांची सरासरी १ फेब्रुवारीला १.३ होती, ती १० तारखेला ५२ झाली. आपल्याला ह्यांतलें कांहीं ठाऊक नव्हतें असें सांगून भांडारानें आपल्या सल्लागार कंपनीस निरोप दिला. त्याच महिन्यांत ओव्हरस्टॉक ह्या विक्रेत्यालाही शिक्षा झाली. त्यानें कॉलेजांच्या संकेतस्थळांना सुचविलें होतें कीं, आमचा दुवा द्या, आणि तुमच्या विद्यार्थ्यांना व शिक्षकांना १० टक्के सवलत घ्या. विद्यापीठाच्या शब्दाला वजन असतें तें त्याला कांहीं विकावयाचें नसतें म्हणून. तेंच वजन सवलतींत विकत घेण्याचा हा प्रयत्न होता.

ह्या प्रकरणांत हानि कोणाची झाली? पेनीचा माल वाईट होता असें कोणी म्हटलें नाहीं; कदाचित् कांहीं वस्तूंत तें पहिल्या स्थानास योग्यही असेल. पण असेल किंवा नसेल, हें सांगण्याचें साधनच उरलें नाहीं. खोट्या साक्षीनें खोटी गोष्ट खरी ठरते, हा तिचा लहान दोष. तिच्या शेजारीं उभी असलेली खरी साक्षही संशयास्पद होते, हा मोठा. शिवाय जो कोणी सज्जन गालिचेवाला ह्या गर्दींत दुसऱ्या-तिसऱ्या पानावर ढकलला गेला, त्याचें नांव कोणत्याच वृत्तपत्रांत आलें नाहीं, आणि येणें शक्यही नव्हतें.

२४ एप्रिल २०१२ रोजीं गूगलनें आपल्या गणितांत ‘पेंग्विन’ ह्या नांवाचा फेरफार केला. त्याचा परिणाम इंग्रजी शोधांपैकीं सुमारें ३.१ टक्क्यांवर झाला. तोंवर वाईट दुव्यानें बहुतेक वेळां फार तर लाभ होत नसे; आतां तो सर्रास शिक्षेला कारण होऊं लागला. मग बाजार उलटा फिरला. काल ज्यांनीं दुवे विकत घेतले होते, तेच आज ते काढून टाकण्यासाठीं पत्रें लिहूं लागले, आणि प्रसंगीं त्यासाठींही पैसे मोजूं लागले. ऑक्टोबरांत गूगलनें नापसंत दुवे नाकारण्याची सोय केली. कोण आपल्याविषयीं बोलतो ह्याची यादी करून, ‘ह्यांचें म्हणणें आमच्या बाजूनें धरूं नये’ असें कळविण्याची पाळी संकेतस्थळांवर आली. शिक्षेची मुदतही सर्वांना सारखी नव्हती. ब्रिटनमधील इंटरफ्लोरा ह्या फुलांच्या कंपनीनें स्थानिक वृत्तपत्रांत पैसे देऊन लेख व दुवे छापविले म्हणून २०१३ च्या फेब्रुवारींत तिला यादींतून खालीं लोटलें. ती दोन आठवड्यांच्या आंत परतली. पण पेंग्विनच्या तडाख्यांत सांपडलेल्यांना पुढील फेरगणना होईपर्यंत सुटका नसे. आणि २०१४ च्या ऑक्टोबरनंतरची फेरगणना २०१६ च्या सप्टेंबरपर्यंत झाली नाहीं. दोन वर्षें गिऱ्हाइकाविना काढणें कोणत्या लहान दुकानाला परवडेल? त्या सप्टेंबरांत मात्र धोरण कांहींसें सौम्य झालें. वाईट दुव्याबद्दल शिक्षा करण्याऐवजीं तो हिशेबांतून वगळावा, असें ठरलें. त्याच वर्षीं प्रतिष्ठेचा आंकडा सार्वजनिक रीतीनें दाखविणेंही गूगलनें बंद केलें. गूगलच्या बाजूनें एवढें सांगितलें पाहिजे कीं, २०१२ च्या आरंभीं स्वतःच्याच क्रोम ह्या वस्तूच्या प्रसारासाठीं पैसे घेऊन लिहिलेल्या लेखांत दुवा आढळला, तेव्हां तिनें आपल्या त्या पानालाही निदान ६० दिवसांची शिक्षा फर्माविली होती.

येथें कोणी म्हणेल कीं, हा व्यापाऱ्यांचा स्वभावच. विद्वानांची गोष्ट वेगळी. पण तसें नाहीं. तळटीपांच्या ज्या मोजणीपासून ही कथा सुरू झाली, तिच्यावर पुढें नियतकालिकांची श्रेणी आणि प्राध्यापकांची बढती अवलंबूं लागली, आणि तेथेंही तोच बाजार भरला. एकमेकांचे उल्लेख ठरवून वाढविल्याच्या कारणावरून २०१३ सालीं ज्या नियतकालिकांना सूचींतून तात्पुरतें वगळण्यांत आलें, त्यांत ब्राझीलमधील चार वैद्यकीय नियतकालिकें होतीं. इंग्रज अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनीं १९७५ सालींच चलनव्यवहारासंबंधानें असें दाखविलें होतें कीं, एखाद्या मापावरून नियंत्रण करूं लागलें म्हणजे त्या मापाची पूर्वींची नियमितता ढासळते. तळटीप आणि दुवा यांच्या वांट्याला तेंच आलें.

तरीही ह्या इतिहासावरून, मोजणीच करूं नये असा निष्कर्ष काढणें बरोबर होणार नाहीं. कोट्यवधि पानांतून निवड करावयाची तर कांहीं माप पाहिजेच, आणि दुव्यांचें माप हें पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलेल्या स्वस्तुतीपेक्षां किती तरी बरें होतें. आपलें काम लोकांच्या नजरेस आणून देणें हाही अपराध नव्हे. एखाद्या ग्रंथकारानें आपलें पुस्तक जाणत्यांकडे धाडावें आणि त्यांनीं तें वाचून त्याचा उल्लेख करावा, ह्यांत गैर काय? मर्यादेची रेघ येथें आहे: उल्लेख करणारा नकार देण्यास मोकळा होता कीं नाहीं. जेथें नकार देण्यास तो मोकळा आहे, तेथें त्याचा होकार ही साक्ष. जेथें होकाराचे पैसे आधींच मिळाले, तेथें ती पावती.

दुसरा प्रश्न न्यायाधीशाचा आहे. १९९८ च्या त्याच वर्णनाच्या अखेरीस पेज व ब्रिन यांनीं बजाविलें होतें कीं, जाहिरातीवर जगणारें शोधयंत्र वाचकापेक्षां जाहिरातदाराकडे झुकण्याचा संभव असतो. पुढें त्यांचीच कंपनी जाहिरातीवर जगली व वाढली, आणि २०२४ च्या ऑगस्टांत अमेरिकेंतील न्यायालयानें शोधाच्या क्षेत्रांत तिनें बेकायदेशीर रीतीनें एकाधिकार राखला असा निर्णय दिला. म्हणजे साक्ष मोजणारा, खोटा साक्षीदार पकडणारा आणि त्याच पेठेंत जागा भाड्यानें देणारा, असे तिन्ही अधिकार एकाच ठिकाणीं एकवटले. ह्यांत कोणाचा दुष्ट हेतु शोधण्याचें कारण नाहीं. अशी योजना मुळांतच सदोष असते, एवढें म्हटलें म्हणजे पुरे.

२०२४ पासून तर गूगलचें यंत्र पुष्कळ प्रश्नांचीं उत्तरें स्वतःच लिहून वाचकापुढें ठेवूं लागलें आहे, आणि दुवे त्या उत्तराच्या कडेला राहूं लागले आहेत. साक्षीदाराला न भेटतांच निवाडा ऐकून उठण्याची ही संवय सोयीची खरी. पण ज्या निवाड्याचे साक्षीदार आपण पाहिले नाहींत तो पारखावा कसा, हा प्रश्न तिच्यामुळें सुटत नाहीं, उलट दडतो. त्याला तोड गणितांत निघेल तेव्हां निघो. आपल्याला ज्याचा खरोखर उपयोग झाला त्याचें नांव घ्यावें, ज्याचा झाला नाहीं त्याचें कोणत्याही सवलतीसाठीं घेऊं नये, आणि दुसऱ्यानें दिलेली वाट अधूनमधून स्वतः चालून पाहावी, एवढें तरी लिहिणाऱ्या-वाचणाऱ्या माणसाच्या हातांत आजही आहे.